मोठं मुक्त सॉफ्टवेअर संथ नेटवर पोहोचवायचं तर आधी वजन, मग तुकडे

इथे विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या पाच जणांच्या गटाने आठवी ते दहावीच्या विज्ञान प्रयोगांसाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवलं आहे. ४५ प्रयोग, तीन भाषांमध्ये निवेदन, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. इन्स्टॉलर १.७ जीबीचा आहे. खेड्यापाड्यातले शिक्षक कळवतात की डाउनलोड पुरं होतच नाही, आणि दर दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आता कोडचे चौदा प्लगइन (हवे तेव्हा जोडता येणारे सुटे भाग) पाडायचं घाटतंय. ते कसे पाडावेत?

मी वीसेक वर्षं पॅकेजिंगचं काम करतो आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीची पॅकेजं (बसवायला तयार असे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बांधणं आणि शाळांच्या लॅबमध्ये लिनक्स बसवणं, दोन्ही. त्या अनुभवावरून सांगतो, प्लगइनचं काम तूर्त बाजूला ठेवा. तुम्हीच दिलेली यादी पाहा. प्रोग्राम आणि लायब्ररी १६० एमबी, व्हिडिओ ९०० एमबी, तीन भाषांचा आवाज ४२० एमबी, चित्रं २५० एमबी, आणि डीबगिंगची (दोष शोधायला लागणारी) माहिती वगैरे किरकोळ ७० एमबी. एकूण १८०० एमबीमध्ये कोड एक दशांशही नाही. त्या १६० एमबीचे चौदा तुकडे केलेत तरी शिक्षकाला पोचणाऱ्या ओझ्यात फरक पडणार नाही. तुमची मेहनत मात्र सहा महिन्यांची होईल.

खरी अडचण १.७ जीबी ही नाही. ते १.७ जीबी एका दमात उतरवावे लागतात, हवं-नको सगळं उतरवावं लागतं आणि दर वेळी उतरवावं लागतं, ही आहे. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत.

एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कोकणातली एक शाळा, लॅबमध्ये आठ मशिनं, लँडलाइनचं नेट पावसात बंद पडलेलं. सरांनी स्वतःचा फोन खिडकीच्या कठड्यावर उभा करून ठेवला होता, कारण रेंज फक्त तिथेच यायची. हॉटस्पॉटवरून एका मशिनवर डाउनलोड चालू होतं. दुपारी साडेतीनला पट्टी ९४ टक्क्यांवर होती. घरून फोन आला, त्या फोनवर कॉल चालू असताना डेटा थांबायचा, ब्राउझरने दोन मिनिटं वाट पाहिली आणि 'अयशस्वी' म्हणून मोकळा झाला. सरांनी परत दाबलं, पट्टी शून्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे सकाळपासूनचं गेलं?" गेलं होतं. त्यांच्या खिशातल्या पैशांचा डेटा होता तो.

आता हिशोब मांडू. आपल्याकडे बहुतेकांच्या प्रीपेड पॅकमध्ये रोजची मर्यादा असते, समजा १.५ जीबी. तुमचा इन्स्टॉलर एका दिवसाच्या मर्यादेत बसतच नाही. मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिटवर) येतो, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ केबी, तासाला २९ एमबीच्या आसपास. १.७ जीबीला त्या वेगाने जवळजवळ अडीच दिवस लागतील. रेंज बरी असून १ एमबीपीएस मिळाला तरी पावणेचार तास, तेही मध्ये एकदाही न तुटता. २००४ च्या धोरणात आपल्या देशात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. कागदावरचा आकडा वाढत गेला, पण डोंगराच्या पलीकडच्या वाडीत अजूनही हिशोब तासाला किती एमबी असाच करावा लागतो.

तर पहिलं काम वजन कमी करणं. यात काहीच तोडायचं नाही. सर्वांत मोठा फायदा आवाजात आहे. तुमच्या फाइली १२८ केबीपीएसच्या एमपी३ आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते संगीतासाठी ठीक. एका माणसाचं बोलणं ओपस फॉरमॅटमध्ये २४ केबीपीएसला स्वच्छ ऐकू येतं. ओपस २०१२ पासून मानक आहे, मुक्त आहे, त्याला परवाना शुल्क लागत नाही. १२८ चे २४ केले की ४२० एमबीचे साधारण ८० होतात. फक्त एक काळजी घ्या. एमपी३ वरून ओपस बनवू नका, मूळ रेकॉर्डिंगच्या वेव्ह फाइली असतील त्यांवरून बनवा, नाहीतर आधीची खरखर आणखी वाढते. चित्रांचंही तसंच. फोटो पीएनजीमध्ये ठेवले असतील तर ते वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये न्या. रेषांच्या आकृत्या एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांची माहिती साठवणारा फॉरमॅट) असतील तर उत्तमच. डीबगिंगची माहिती इन्स्टॉलरमधून काढूनच टाका. डेबियनमध्येही ती वेगळ्या पॅकेजात जाते आणि ज्याला दोष शोधायचा तोच ती घेतो.

व्हिडिओ, आवाज आणि चित्रं झिप करून काही मिळत नाही, ती आधीच दाबलेली असतात. पुष्कळ जण इन्स्टॉलरचं कॉम्प्रेशन 'कमाल' करतात आणि जुन्या मशिनवर तो उलगडायला अर्धा तास लागतो, हाती मात्र दोन टक्के लागतात. तो वेळ तुमच्या शिक्षकांचा आहे.

वजन उतरल्यावर तुकड्यांचा विचार. कुठे कापायचं हे मी दोन गोष्टी पाहून ठरवतो. कोणाला काय लागतं, आणि काय किती वेळा बदलतं. डेबियनमध्ये मोठ्या खेळाची चित्रं आणि आवाज वेगळ्या '-डेटा' पॅकेजात जातात. एक तर ती सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर सारखीच असतात. दुसरं म्हणजे प्रोग्राममधली चूक सुधारली तर तेवढंच छोटं पॅकेज नवं द्यावं लागतं, डेटाला हात लागत नाही. (त्यासाठी दोन्हींचं सोर्स पॅकेजही, म्हणजे ज्या मूळ कोडवरून ती बांधतात तो गठ्ठा, वेगळं ठेवावं लागतं, नाहीतर एकाची आवृत्ती वाढली की दुसऱ्याचीही वाढते.) तुमच्या विंडोज आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये दीड जीबी मजकूर (व्हिडिओ, आवाज, चित्रं) तंतोतंत एकच आहे आणि तो दोनदा भरलाय. तो एकदाच, स्वतंत्र पॅक म्हणून ठेवा.

गरजेनुसार कापण्याचं मला आवडणारं उदाहरण स्टेलॅरियम, संगणकावर आकाश दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर. खगोल मंडळांतले पुष्कळ जण ते वापरतात, त्यामुळे तुम्हीही पाहिलं असेल. मूळ इन्स्टॉलरबरोबर सहा लाखांहून जास्त तारे येतात. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे सगळ्या आकाशात मिळून काही हजारच, त्यामुळे शाळेतल्या आकाशदर्शनाला ते भरपूर झाले. ज्याला दुर्बिणीतले अंधुक तारे हवेत तो सेटिंगमध्ये जाऊन पुढचे कॅटलॉग एकेक करून घेतो, आणि सगळे मिळून तारे सतरा कोटींच्या पुढे जातात. तारे तेजस्वितेप्रमाणे वेगवेगळ्या फाइलींत ठेवले आहेत, आणि ही वाटणी कोडच्या सोयीसाठी केलेली नसून बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली आहे. पहिली फाइल एकटी असली तरी आकाश पुरं वाटतं. तुमच्या पहिल्या पॅकला हीच कसोटी लावा. तो एकटा उतरवून शिक्षकाला उद्याचा तास घेता आला पाहिजे.

भाषेचं कापणं तर उघडच आहे. लहान मुलांच्या जीकॉम्प्री या शैक्षणिक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भाषेचे आवाज वेगळ्या फाइलीत असतात आणि निवडलेल्या भाषेचेच उतरतात. लिबरऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरच्या डाउनलोडमध्येही भाषेचं पॅक आणि मदतीचं पॅक वेगळं असतं. मराठी माध्यमाच्या शाळेला हिंदी-इंग्रजीचं निवेदन आज नको. मात्र ते नंतर सहज जोडता आलं पाहिजे, कारण सेमी-इंग्रजीच्या वर्गात विज्ञान इंग्रजीतून असतं आणि तिथे शिक्षक दोन्ही आवाज ऐकवतात.

आता व्हिडिओ. ४५ प्रयोगांचे ९०० एमबी, म्हणजे सरासरी एका प्रयोगाला २० एमबी. इथे माझी सूचना टेक्स लाइव्हच्या (पुस्तकं, लेख छपाईसाठी मांडायच्या सॉफ्टवेअर संचाच्या) रचनेवरून घ्या. त्यात सुट्टी पॅकेजं असतात, पॅकेजांचे संच असतात आणि संचांच्या योजना असतात. सगळं घेतलं तर अनेक जीबी, छोटी योजना घेतली तर त्याचा लहानसा अंश. त्यावर कागदपत्रं आणि मूळ स्रोत नको असं एका पर्यायात सांगता येतं, आणि लागेल ते पॅकेज नंतर एकेकटं आणता येतं. तुमच्याकडे प्रयोग हे पॅकेज, इयत्ता हा संच आणि 'संपूर्ण' ही योजना. ज्या शिक्षकाला उद्या फक्त आम्ल-आम्लारीचा प्रयोग दाखवायचाय त्याला २० एमबी लागतील. मर्यादा संपलेल्या फोनवरही ते पाऊण तासात येतील. भात शिजेपर्यंत उद्याचा तास तयार.

किती तुकडे करावेत याला ठरीव उत्तर नाही, ते तुमच्या माणसांवर आणि चाचणीच्या ताकदीवर आहे. मॉड्यूल करणं ही चांगलीच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो, पण तिची किंमत असते. लिनक्सवर पडद्यावरचं चित्र दाखवणारी प्रणाली बनवणाऱ्या एक्स डॉट ऑर्गने २१ डिसेंबर २००५ ला एकाच कोडच्या दोन आवृत्त्या एकदम काढल्या, जुन्या पद्धतीची अखंड ६.९ आणि सुटी केलेली ७.०. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईने जुलै २०१४ मध्ये आपल्या अखंड लायब्ररीचे पन्नासहून अधिक स्वतंत्र भाग करून फ्रेमवर्क्स ५ दिलं. दोन्हींचा मोठा लाभ विकासकांना झाला, एका भागावर काम करायला सगळं बांधत बसावं लागेना. पण त्यांच्या मागे कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे सांभाळणारी मोठी फौज होती. तुम्ही पाच जण आहात. दहा ऐच्छिक भाग केलेत तर कोणते बसवले, कोणते नाहीत याच्या १०२४ शक्यता होतात, आणि त्यातली एखादी कोणत्या तरी शाळेत बिघडणारच. म्हणून प्रोग्राम एकच ठेवा, मजकूर तेवढा सुटा करा. मजकुराच्या पॅकांनी एकमेकांवर अवलंबून राहायचं नाही, फक्त प्रोग्रामवर. मग चाचणी दोनच प्रकारची उरते, पॅक आहे आणि पॅक नाही.

पॅक नसताना काय दिसतं याकडे नीट लक्ष द्या. 'फाइल सापडली नाही' असा लाल चौकोन आला की शिक्षकाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. त्या जागी प्रयोगाचं चित्र, कृतीचा लेखी मजकूर आणि खाली 'व्हिडिओ उतरवलेला नाही, २० एमबी' एवढं असावं. लेखी मजकूर कुठल्याही पॅकमध्ये टाकू नका, सगळ्या ४५ प्रयोगांचा मिळून तो एक-दोन एमबी असेल. तो मूळ प्रोग्रामबरोबरच जाऊ द्या.

'शिफारस' या शब्दापासून जपा. डेबियनमध्ये आवश्यक, शिफारस केलेली आणि सुचवलेली अशा तीन पातळ्या आहेत, आणि २००९ च्या लेनी या आवृत्तीपासून शिफारस केलेली पॅकेजंही आपोआप येतात. जलद नेटवर ते कळतही नाही. संथ नेटवर मी स्वतः एक छोटंसं साधन बसवायला गेलो आणि त्याच्यामागून दीडशे एमबी यायला लागले, ते कंट्रोल-सी दाबून थांबवलं. सुटं करूनही सगळं आपोआप ओढलं जात असेल तर सुटं केल्याचा उपयोग नाही. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये 'सर्व पॅक' या चौकटीत आधीपासून खूण नसावी, आणि प्रत्येक नावासमोर एमबी लिहिलेले असावेत.

आता तुटलेलं डाउनलोड. हे मी तुकडे पाडण्याइतकंच महत्त्वाचं मानतो, आणि याला एक दिवस पुरतो. वेब सर्व्हर फाइलचा मधलाच भाग देऊ शकतो, त्याला रेंज रिक्वेस्ट म्हणतात, आणि त्याचं उत्तर २०६ या क्रमांकाने येतं. साधी फाइल ठेवली तर बहुतेक सर्व्हर हे आपोआप करतात. पण डाउनलोड मोजायला मध्ये एखादी स्क्रिप्ट ठेवली की ती बहुधा अख्खी फाइल पहिल्यापासून पाठवते. तुमच्या पानावर मोजणीचा आकडा दिसतो, म्हणून मला शंका आहे. घरी बसून तपासा. कर्ल या डाउनलोडच्या साधनाने निम्मी फाइल उतरवा, तोडा, परत चालू करा. निम्म्यापासून पुढे जातं का पाहा.

दुसरी गोष्ट मी एका प्रकल्पात चुकीने शिकलो. आम्ही फाइलचं नाव नेहमी 'नवीनतम डॉट झिप' असंच ठेवायचो. एक शिक्षिका तीन रात्री थोडं थोडं उतरवत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवी आवृत्ती त्याच नावाने चढवली. त्यांच्याकडे निम्मी फाइल जुनी आणि निम्मी नवी अशी जोडली गेली, आकार जवळपास बरोबर, पण उघडेना. त्यांनी चौथ्या रात्री पुन्हा सुरुवात केली, आणि मला हे महिनाभराने कळलं. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या नावात आवृत्ती क्रमांक असतो, एकदा चढवलेली फाइल मी बदलत नाही, आणि जुनी फाइल किमान तीन महिने जागेवर राहते. शेजारी एसएचए-२५६ ची बेरीजही (फाइल न बिघडता आली का हे ताडून पाहायचा आकडा) ठेवा, पण ती शिक्षकाने हाताने तपासावी अशी अपेक्षा धरू नका. प्रोग्रामने पॅक आत घेताना स्वतः तपासावी. मोठ्या संचाचे ५० एमबीचे भाग करून प्रत्येकाची बेरीज वेगळी ठेवली तर एक भाग खराब झाला तरी तेवढाच परत आणता येतो.

नव्या आवृत्तीसाठी फक्त फरक पाठवावा का, हेही तुम्ही विचारलंय. मोह होतो खरा. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने २००९ च्या अकराव्या आवृत्तीपासून फरकांची पॅकेजं द्यायला सुरुवात केली आणि २०२४ च्या चाळिसाव्या आवृत्तीत ती बंद केली. फरक दोन ठरावीक आवृत्त्यांमधला असतो. एखाद्याने दोन आवृत्त्या चुकवल्या की त्याच्यासाठी फरक तयार नसतो, मग अख्खं पॅकेज. शिवाय जुन्या फाइलीवर फरक चढवून नवी बनवायला मशिन घासतं, आणि तुमच्या शाळांमधली मशिनं दहा-दहा वर्षांची. पॅक नीट सुटे केलेत तर दोन महिन्यांनी बदलतो तो फक्त प्रोग्राम, जो दाबून ६० एमबीच्या आसपास बसेल. तेवढ्यासाठी फरकाची यंत्रणा नको. पुढे कधी लागलीच तर झेडसिंक हे बदललेलेच भाग उतरवणारं साधन पाहा. त्यात सर्व्हरवर फक्त एक छोटी जादा फाइल ठेवावी लागते आणि हिशोब वापरणाऱ्याच्या मशिनवर होतो.

आणि पेनड्राइव्ह. कृपा करून 'ऑनलाइन इन्स्टॉलर' बनवू नका, म्हणजे दोन एमबीची फाइल जी उघडल्यावर बाकीचं नेटवरून ओढते. शिक्षक तालुक्याच्या गावी जातात, तिथल्या चांगल्या नेटवर ती दोन एमबीची फाइल घेतात, खूश होऊन परत येतात, आणि शाळेत उघडल्यावर ती नेट मागते. प्रत्येक पॅक ही एक साधी फाइल असावी, कुठूनही आणता यावी, आणि प्रोग्राममध्ये 'फोल्डरमधून पॅक घ्या' असं एक बटण असावं. डेबियनवर एपीटी-ऑफलाइन नावाचं साधन हेच करतं. नेट नसलेल्या मशिनवर काय लागतं त्याची यादी बनते, ती पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कुठल्याही मशिनवर फाइली उतरवायच्या आणि परत आणून बसवायच्या. पॅकवर तुमची डिजिटल सही असली की हातोहात आलेली प्रतही निर्धास्त वापरता येते. लॅबमध्ये एका मशिनवर आलेलं पॅक बाकीच्या मशिनांनी लॅनवरून (लॅबमधल्या आपसांतल्या जोडणीवरून) घ्यावं, नेटवरून नाही.

यासाठी अखंड इन्स्टॉलरही ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी चांगलं नेट असलेला एखादा माणूस सगळं एकदम उतरवून वीस शाळांना वाटतो, त्याला पंचेचाळीस फाइली गोळा करायला लावू नका. २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या सीडी फुकट पोस्टाने घरी येत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी लिनक्स पहिल्यांदा त्या सीडीवरून बसवलं, आणि एकेक सीडी दहा-दहा घरं फिरली. मुक्त सॉफ्टवेअर वाटायला परवानगी लागत नाही, पण शिक्षकांना हे माहीत नसतं, प्रत करणं म्हणजे चोरी असं त्यांना वाटतं. डाउनलोडच्या पानावर ठळक लिहा: याच्या हव्या तितक्या प्रती काढा आणि शेजारच्या शाळेला द्या.

क्रम लावायचा तर मी असा लावेन. या आठवड्यात तुटलेलं डाउनलोड पुढे चालू होतं का ते तपासा आणि फाइलींना आवृत्तीची नावं द्या. पुढच्या आवृत्तीत आवाज ओपसमध्ये. त्यानंतरच्या आवृत्तीत मजकूर प्रोग्रामपासून सुटा, भाषा आणि प्रयोग वेगळे. प्लगइन नंतर पाहू, कदाचित लागणारही नाहीत.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडूनच कळायला हवी. तुमचे शिक्षक बहुतेक स्वतःच्या फोनवरून उतरवतात, की तालुक्याला जाऊन पेनड्राइव्हवर आणतात? पहिलं असेल तर सुट्या प्रयोगांवर भर द्या, दुसरं असेल तर इयत्तेच्या संचांवर. सर्व्हरच्या नोंदी पाहा, अर्धवट राहिलेली डाउनलोड मोजा, आणि दहा-बारा शिक्षकांना फोन करून विचारा. तो आकडा इथे टाका. सोबत एका प्रयोगाच्या निवेदनाची मूळ वेव्ह फाइल दिलीत तर मी ती १६, २४ आणि ३२ केबीपीएसवर करून परत देतो. वर्गातल्या लहान स्पीकरवर लावून शेवटच्या बाकावरून ऐकून बघा कोणती पुरते.